हात सुटतो ती जागा

“मग रडू कुठं, माई? हात सुटतो तिथं, की त्याच्या आधी?”

 माईंचं बोट गळ्यातल्या वीणेच्या तारेवर पडलं.

टुंग.

“सर म्हणतात, हात सुटल्यावर. मला वाटतं, गळा आधीच दाटायला हवा. तुम्हाला काय वाटतं?”

टुंग.

आठवडाभर या प्रश्नानं माझी झोप घालवली होती. रविवारी पुण्यात मोठी उद्योग परिषद होती. तिथं व्यासपीठावर मला सात मिनिटं मिळाली होती, आणि त्या सात मिनिटांत नेमकं कुठं रडायचं ते ठरत नव्हतं.

झोप घालवणारी आणखी एक काळजी होती. माझी पाच वर्षांची मुलगी, जुई, हल्ली माझा हात सोडत नव्हती.

दोन्हींतली पहिली काळजी मला मोठी वाटत होती. हे आत्ताच सांगून टाकते. नंतर सांगायला जास्त लाज वाटेल.

सुंदरामाईंच्या मठात सप्ताह बसला होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस, पहारे लावून. हे सगळीकडंच असतं. माईंच्या मठात त्यावर माईंचा स्वतःचा एक नियम होता. वीणा गळ्यात असेल तोवर नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही.

लहानपणी सुट्ट्यांत मी इथंच कीर्तन शिकले. त्यामुळं नियम मला माहीत होता. दुपारी पंगत बसते, मंडप रिकामा होतो आणि तेव्हाचा पहारा माई स्वतः घेतात, हेही माहीत होतं.

म्हणूनच मी ती वेळ निवडली असावी. मला मत नकोच होतं. शाबासकी हवी होती, आणि ती नुसत्या मानेनंही देता येते.

माईंची मान हलली नाही.

मी सतरंजीवर बसले. जुई माझ्या डाव्या हाताला. येताना स्कूटरवरही तिनं माझ्या कुर्त्याची बाही मुठीत धरून ठेवली होती. शाळेत म्हणे ती एका हातानं चित्र काढते आणि दुसऱ्या हातात बाईंची ओढणी. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, जाईल. निनाद म्हणाला, “तू घरात असतेस कुठं? म्हणून धरून ठेवते.” निनाद माझा नवरा. त्या वाक्यासाठी मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

जुईच्या कानाला मी हेडफोन लावला, मोबाइलवर कार्टून लावून दिलं. माझं बोलणं तिच्या कानावर पडू नये म्हणून. घरी सरावाच्या वेळीसुद्धा मी हेच करायची. मी काळजी घेणारी आई आहे.

“ऐका ना, माई. पहिल्यापासून सांगते.”

टुंग.

मी नाचणीचं सत्त्व करते. लहान मुलांसाठी. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळायची, फडक्यातून गाळायची. घरामागच्या शेडमध्ये चार जणी माझ्याबरोबर राबतात. डब्यावर ‘पहिला घास’ असं नाव. सत्त्व चांगलं होतं. फक्त खपत नव्हतं.

म्हणून मी परिषदांना जायला लागले.

“तिथं काय करतात माहितीये, माई? सकाळी सगळ्यांना उभं करतात. वरून एक जण ओरडतो, ‘कसं वाटतंय?’ आणि आम्ही सगळे ओरडतो, ‘जबरदस्त!’ मोठी मोठी माणसं, माई. कारखाने असलेली. गळ्यात पट्टे, पट्ट्यात नावं. मग तो म्हणतो, ‘ऐकू नाही आलं.’ मग आम्ही पुन्हा...”

माई माझ्याकडं बघत होत्या. मी लहानपणी ताल चुकले की अशाच बघायच्या.

“हसू नका. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. तिसऱ्या परिषदेपर्यंत सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते.”

खरं तर एका परिषदेत कामाचंही एक सत्र होतं. पीठ ओल पकडू नये म्हणून डबा कसा निवडावा, सत्त्व किती महिने टिकतं ते कसं तपासावं. बोलणाऱ्या बाई जाणकार होत्या. समोर आम्ही बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळं सभागृह शेजारच्या दालनात रोनक सरांना ऐकायला गेलं होतं.

अर्ध्यातून मीही उठून गेले.

रोनक सर स्वतःला ‘ब्रँड गुरू’ म्हणवतात. माईंसमोर हा शब्द उच्चारताना मी जरा खाकरले.

“ते म्हणतात, माल कुणी विकत घेत नाही. गोष्ट विकत घेतात. गोष्टीला तीन गोष्टी लागतात. जखम, शत्रू आणि औषध. औषध म्हणजे तुमचा माल. शत्रू म्हणजे बाजारातला दुसरा माल. आणि जखम... जखम तुमची स्वतःची हवी. डोळा ओला झाला की पाकीट उघडतं, असं त्यांचं म्हणणं.”

टुंग. या वेळी जरा जोरात.

“त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, ‘तुझी जखम कुठाय?’ सगळ्यांकडं होती, माई. कुणाचं दुकान जळालेलं. कुणाच्या भावानं फसवलेलं. गूळपोळ्या विकणाऱ्या एका काकांचे वडील पोळीचा शेवटचा घास मागत वारलेले. सगळं सभागृह रडलं. आणि मी बसलेय... माझ्याकडं काहीच नाही. चांगले आईवडील, बरा नवरा, वेळेवर लग्न. इतकं ओशाळं वाटलं मला!”

जेवणाच्या सुट्टीत मला कळलं की काकांचे वडील बाहेर गाडीत बसले होते. एसी लावून. काकांनीच त्यांना ताट नेऊन दिलं.

हे मी माईंना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

“मग मला आठवलं. जुई आठ महिन्यांची असताना तिला हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी हात वर केला.”

सरांना जखम आवडली. “पण ही अजून ओरखडा आहे,” ते म्हणाले. “हिला खोल कर.”

मग आमच्या टेबलवरच्या सगळ्यांनी मिळून ती खोल केली. कुणी वाईट नव्हतं त्यांच्यात. रंगांची एजन्सी असलेले एक गृहस्थ म्हणाले, “डॉक्टरांच्या तोंडी चोवीस तास टाका.” दागिने घडवणारी एक मुलगी म्हणाली, “हात सुटला असं टाका ना, ताई. आईच्या हातातून हात सुटला.” म्हणताना तिच्याच अंगावर काटा आला. गूळपोळीवाल्या काकांनी माझ्यासाठी पाणी आणलं.

मी ती गोष्ट उभं राहून म्हटली. सभागृह उठून उभं राहिलं. इतक्या टाळ्या मला फक्त एकदा मिळाल्या होत्या. बाराव्या वर्षी, याच मंडपात.

“आणि खरं सांगू, माई? मला तेव्हा तुमचीच आठवण झाली.”

तार वाजली नाही.

“आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचं... हे सगळं मला आधीच येत होतं. तुम्ही शिकवलं होतंत. ते लोक हजारो रुपये भरून जे शिकतायत ते तुम्ही मला सुट्टीत फुकट शिकवलंत. तुम्ही करता तेच आहे हे, माई. फक्त मंडप वेगळा.”

हे वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

माईंनी तारेवरचं बोट उचललं. मग पुन्हा ठेवलं.

टुंग.

“म्हणून दाखवू?”

उत्तराची वाट न बघता मी सरसावून बसले. डोळे मिटले. उघडले. आवाज खाली आणला.

“माझी जुई आठ महिन्यांची होती...”

मंडपात आवाज छान घुमत होता. पलीकडं पंगतीत वाढप्यांची घाई चालली होती, तीही जरा दबल्यासारखी वाटली.

“बाजारातल्या एका सुंदर डब्यातली पावडर मी तिला भरवली. आईच्या विश्वासानं. आणि त्या रात्री...”

थांबले. सर म्हणतात, मनात तीन म्हणावं.

“डॉक्टर म्हणाले, चोवीस तास. त्यापुढचं काही सांगता येत नाही. मी रात्रभर तिचा हात धरून बसले. पापणी मिटली नाही. आणि पहाटे... पहाटे तो इवलासा हात... माझ्या हातातून... सुटला.”

इथं सरांनी एक कृती शिकवली होती. मूठ पुढं करायची आणि एकेक बोट सावकाश उघडायचं. शेवटी रिकामा तळवा लोकांना दाखवायचा.

मी एकेक बोट उघडलं.

त्या मुठीत जुईचा हात होता.

तिनं मोबाइल टाकून दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

“जुई, एक मिनिट,” मी म्हटलं. “आई बोलतीये ना?”

आणि मनगट सोडवून घेतलं.

... माई उभ्याच होत्या. तार गप्प.

“तर माझं इथंच अडतं,” मी म्हणाले. “पुढं देव तो हात मला परत देतो, मी शपथ घेते, डबा वर करते, ते सगळं येतं मला. घरी मी सराव करते तो इथवरचाच. इथं आले की पुन्हा पहिल्यापासून. कारण रडू आधी आलं तर पुढची शपथ...”

माई माझ्याकडं येत होत्या.

त्या समोर येऊन थांबल्या. हातानं खूण केली. ऊठ.

“मी? नाही हो, माई, किती वर्षं झाली...”

ऊठ.

मी उठले. वीणा घेताना एकमेकींच्या पाया पडायचं असतं. सत्तरीच्या पुढच्या माई माझ्या पायांशी वाकल्या तेव्हा मला अवघडून आलं.  

वीणा माझ्या गळ्यात आली. जड होती. तिला दोन्ही हात लागतात. जुईनं माझ्या कुर्त्याचं टोक पकडलं.

माईंनी घसा मोकळा केला.

“आवाज तसाच आहे तुझा,” त्या म्हणाल्या. “उलट पिकलाय.”

मला बरं वाटलं. काही बोलता येत नव्हतं, म्हणून तार छेडली.

“आणि म्हणालीस ते खरंय. मीही रडवते लोकांना. पोत्यानं रडवते. रडवते आणि त्या गावात पाण्याचा घोट न घेता घरी येते. भाकरी इथून बांधून नेते. पन्नास वर्षं लोक विचारतात, माई, चहा तरी घ्या... का घेत नाही मी, शालू?”

शाल्मलीचं शालू फक्त माईच करतात.

जिथं कीर्तन करावं तिथं अन्न सेवू नये, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. 

“जाऊ दे. तुझ्या लेकीला ठाऊक आहे का ही गोष्ट?”

मी जोरानं मान हलवली. नाही. मुळीच नाही.

माई खाली बसल्या. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. जुईच्या कानावरचा हेडफोन काढून त्यांनी स्वतःच्या कानाला लावला.

जरा वेळ ऐकलं.

“यात तर काहीच वाजत नाही.”

“कार्टून संपलं,” जुई म्हणाली.

“कधी?”

“मघाशीच.”

“मग सांगितलं नाहीस आईला?”

“आई बोलत होती.”

माईंनी हात पुढं केला. जुईनं माझ्या कुर्त्याकडं बघितलं, माईंच्या हाताकडं बघितलं, आणि एक हात त्यांना दिला. दुसऱ्यानं कुर्ता धरूनच ठेवला.

“गोष्ट सांगू तुला?”

“कुठली?”

“एक जुई होती. आठ महिन्यांची.”

मी वीणेसकट एक पाऊल पुढं टाकलं. माईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी माझीच गोष्ट सांगायला घेतली. शब्द न् शब्द. एकदाच ऐकून. पण मी जिथं थांबले होते तिथं त्या थांबत नव्हत्या, त्याच्या किंचित अलीकडं थांबत होत्या, आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकत होता. मी सात मिनिटांसाठी आठवडाभर घाम गाळला होता. त्यांना काहीच करावं लागत नव्हतं.

“डॉक्टर म्हणाले... चोवीस तास.”

जुईचे डोळे मोठे झाले.

टुंग टुंग टुंग, मी तार छेडली. पुरे, माई. कळलं. पुरे.

“आई रात्रभर तिचा हात धरून बसली. पापणी नाही मिटली. आणि पहाटे...”

माई थांबल्या.

थांबूनच राहिल्या.

जुईनं आवाज खाली आणला. माझ्यासारखा. “पहाटे तो इवलासा हात,” ती म्हणाली, “माझ्या हातातून... सुटला.”

आणि कुर्त्यावरची मूठ तिनं पुढं आणली. एकेक बोट उघडलं. करंगळीपासून.

रिकामा तळवा आम्हाला दाखवला.

“पुढं काय होतं गं?” माईंनी विचारलं.

“पुढं काही नसतं. आई परत पहिल्यापासून सांगते.”

“बास!” मी ओरडले. “बास करा, माई!”

पंगतीतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

“वीणा गळ्यात आहे तुझ्या,” माई म्हणाल्या.

“असू दे! लहान पोर आहे ते. तिला काय भिववताय?”

“मी?”

“मग कोण?”

“मी तर थांबले होते, शालू. पुढचं तिनं म्हटलं.”

...

मला राग आला. काय सांगू किती. माईंचा आला, रोनक सरांचा आला, ‘हात सुटला असं टाका’ म्हणणाऱ्या त्या गोड मुलीचा आला, पाणी आणून देणाऱ्या काकांचा आला. ‘जाईल’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा आला. निनादचा तर आलाच. एवढ्या सगळ्यांचा येऊन झाल्यावर आणखी कुणाचा येणं बाकी आहे, हे दिसत होतं. मी तिकडं बघितलं नाही.

“तुम्हाला काय जातंय?” मी म्हणाले. “तुमची भाकरी बांधलेली आहे. माझ्या शेडमध्ये चार जणी आहेत. शेड बंद पडलं तर त्या काय करतील? कांदे काढायला जातील? रविवारी समोर पैसे लावणारे लोक बसणार आहेत. एकदा, फक्त एकदा मी ही गोष्ट सांगितली की...”

“एकदा?”

मी गळ्यातली वीणा सावरली.

“आणि पुढच्या परिषदेत?”

 पुढच्या परिषदेचं बोलावणं आलेलं होतं. नाशिकला.

“ती मोठी होईल,” माई म्हणाल्या. आता त्यांचा आवाजही चढला होता. त्यांना असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ताल चुकल्यावर चिडायच्या ते खोटं होतं, हे आज कळलं. “मोठ्या शाळेत जाईल. कुणीतरी मोबाइलवर दाखवेल, ही बघ तुझी आई, ही बघ तू मरतीयेस. लोक टाळ्या वाजवतायत. कुठं वाजवतायत? तिच्या हात सुटण्यावर. आणि तू कसली काळजी घेऊन आलीस माझ्याकडं? रडू कुठं!”

सतरंजीवर मोबाइल थरथरला. रोनक सरांचा मेसेज वर आला. मला उभ्या उभ्या वाचता आला, माईंनाही आला असावा.

सलाईन लावलेला फोटो आज पाठव. मोठा करून मागच्या पडद्यावर लावू.

माईंनी मोबाइल पालथा घातला. पाल दिसल्यावर भांडं पालथं घालतात तसा.

“सत्त्व चांगलं आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “मी खाते रोज सकाळी. पोटाला जड होत नाही... ते का नाही नेत व्यासपीठावर?”

“नाचणीला कुणी टाळ्या वाजवत नाही, माई.”

“नाहीच वाजवत.”

“मग?”

“मग काय. नाही वाजवत.”

...

मी तिथंच उभी. वीणा टेकवता येत नव्हती. जुईला उचलता येत नव्हतं. ती माझ्याकडं तोंड वर करून बघत होती. आई ओरडली की मुलं बघतात तशी, आपलं काय चुकलं ते शोधत.

“घ्या ही,” मी म्हणाले. “माई, घ्या ना. मला तिला घ्यायचंय.”

माई उठल्या. पुन्हा पाया पडणं झालं. या वेळी मी वाकले आणि लवकर उठले नाही.

वीणा गळ्यात घालण्याआधी त्या थांबल्या. एकदा ती घातली की त्या बोलणार नव्हत्या. मी वाट पाहिली. काहीतरी सांगतील. रविवारी जाऊ की नको, एवढं तरी.

त्यांनी जुईकडं बोट केलं.

“श्रोता बसलाय,” त्या म्हणाल्या.

आणि वीणा गळ्यात घातली.

टुंग.

मी जुईसमोर बसले. आवाज खाली आणायला गेले आणि लाज वाटली. साध्याच आवाजात बोलले. तो कुठं ठेवायचा हे मला आठवेना.

“जुई, ती गोष्ट खरी नाहीये.”

“कुठली?”

“हाताची. तू आजारी पडली होतीस, ते खरंय. तुला जुलाब झाले होते. पावडरनं नाही, कशानं ते कुणालाच कळलं नाही. बहुतेक तू माझी चप्पल चघळलीस म्हणून.”

जुई हसली नाही. पण ऐकत होती.

“डॉक्टर चोवीस तास म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले, ‘अंगातलं पाणी कमी झालंय, सलाईन लावू, उद्या घरी जा.’ बाबा चहा आणायला गेला आणि स्कूटर कुठं लावली तेच विसरला. तू सिस्टरचा चष्मा ओढलास. तिला राग आला. मग तिनंच तुला पेढा दाखवला, दिला नाही.”

“आणि तू?”

“मी काय?”

“पापणी नाही मिटली?”

सांगायचं नव्हतं मला. माईंकडं बघितलं. त्या गळ्यातल्या वीणेकडं बघत होत्या.

“मिटली,” मी म्हणाले. “मी झोपले, जुई. खुर्चीवर, पाय पसरून. घोरत होते, असं बाबा म्हणतो. सकाळी जाग आली तर माझं बोट तुझ्या मुठीत होतं. तू झोपलेलीस आणि बोट धरून ठेवलेलं. मला बाथरूमला जायचं होतं. मी सोडवायला गेले तर सुटेना. सिस्टर हसायला लागली. म्हणाली, ‘बसा आता इथंच.’ मग मी बसले.”

“सुटलाच नाही?”

“नाही.”

“माझा?”

“तुझा. तूच धरला होतास.”

जुईनं माझा हात घेतला. उलटा केला, सुलटा केला. माझं पहिलं बोट तिनं मुठीत धरलं आणि ओढून बघितलं. मग सैल सोडलं. मग पुन्हा धरलं.

मोबाइल वाजायला लागला. पालथाच होता, पण कोण असणार ते मला माहीत होतं. रोनक सरांना वाट बघायची सवय नाही. जुईनं माझा दुसराही हात धरला. मोबाइल वाजत वाजत सतरंजीवर गोल फिरला, बंद झाला, पुन्हा वाजायला लागला.

मी हात सोडवून घेतला नाही.

“आई,” जुई म्हणाली.

“काय गं?”

ती विचार करत होती. कपाळाला बारीक आठी पडली होती, निनादसारखी.

मला वाटलं, आता म्हणेल, चल घरी. किंवा भूक लागली. पलीकडं पंगतीत बुंदीचा वास सुटला होता.

तार एकदा वाजली आणि थांबली. माईसुद्धा ऐकत होत्या.

“मग त्या दुसऱ्या जुईचा हात,” तिनं विचारलं, “आता कुणी धरलाय?”